आधी हिशेब, मग परीक्षा: ताई, तुमचे आभार

आदरणीय ताई,

निवृत्तीनंतर म्युच्युअल फंड वितरक व्हायला निघालेल्या आम्हा सगळ्यांतर्फे हे आभार. परीक्षेचं पुस्तक हातात देण्याआधी तुम्ही कमाईचा हिशेब समोर मांडलात, हे सर्वांत मोलाचं.

५० ग्राहक, प्रत्येकाची महिना ५,००० रुपयांची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक गुंतवणूक. ऐकायला भरभक्कम. वर्षअखेरीस ३० लाख जमतात खरे, पण पैसे महिन्यामहिन्याने येत असल्याने वर्षाची सरासरी शिल्लक निघते साधारण १६ लाख. ट्रेल कमिशन, म्हणजे ग्राहकाची शिल्लक फंडात असेपर्यंत तिच्यावर मिळत राहणारं कमिशन, वर्षाला ०.८ टक्के धरलं तर हाती सुमारे १३,००० रुपये, तेही वर्षाचे! बाजार नियामक सेबीने २०१८ मध्ये सगळा भर ट्रेलवर आणल्यापासून सुरुवातीलाच घसघशीत रक्कम मिळण्याचे दिवस गेले. म्हणूनच पहिली काही वर्षं घरखर्च पेन्शनवर चालला पाहिजे आणि भाड्याचं ऑफिस घ्यायचं नाही, हे तुम्ही ठणकावून सांगितलंत. अनेकांचा प्रॉव्हिडंट फंडातला पैसा त्यामुळे वाचला.

परीक्षेची भीती तुम्ही दोन वाक्यांत घालवलीत. वितरकांसाठीची एनआयएसएमची (राष्ट्रीय रोखे बाजार संस्थेची) ५-ए परीक्षा: १०० प्रश्न, दोन तास, पास व्हायला ५० गुण, उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. नंतर फंड कंपन्यांची संघटना असलेल्या अ‍ॅम्फीकडून एआरएन (वितरकाचा नोंदणी क्रमांक) आणि ईयूआयएन (विक्री करणाऱ्या व्यक्तीचा ओळख क्रमांक).

खरी शिकवणी अर्जांची होती. पॅनवरचं आणि बँकेतलं नाव जुळतंय का, केवायसी अडकलेलं तर नाही ना, हे सही घेण्याआधी बघायचं. सज्ञान मुलाच्या नावे गुंतवणूक आणि चेक वडिलांच्या खात्याचा, तर अर्ज परत येणारच, कारण तिसऱ्याच्या खात्यातले पैसे चालत नाहीत. बँक मॅन्डेटची (खात्यातून हप्ता आपोआप कापण्याच्या परवानगीची) मर्यादा हप्त्यापेक्षा बरीच जास्त ठेवायची, नाहीतर पुढे हप्ता वाढवताना पुन्हा नवं मॅन्डेट. आणि दुपारी तीनच्या आत अर्ज दिला म्हणजे त्याच दिवसाची एनएव्ही (फंडाच्या एका युनिटची किंमत) मिळाली असं नाही. पैसेही वेळेत फंडाच्या खात्यात पोचावे लागतात. ग्राहकाशी वाद होतो तो बहुतेक इथेच.

व्हिजिटिंग कार्डावर ‘आर्थिक सल्लागार’ लिहायला तुम्ही मज्जाव केलात, तेव्हा काहींचा चेहरा पडला होता. (निवृत्त माणसाला पदाची हौस असतेच.) पण ती नोंदणी वेगळी, तिचे नियम वेगळे. आपण वितरक, तेवढंच छापायचं. स्वतःच्या गुंतवणुकीवर स्वतःलाच कमिशन मिळत नाही, हेही आधीच कळलं ते बरं झालं.

एआरएनला नॉमिनी लावण्याचा तुमचा आग्रह सुरुवातीला अशुभ वाटला होता. आता सगळ्यांनी लावलाय. एनआयएसएमचं प्रमाणपत्र तीन वर्षांनी संपतं. त्याच्या तारखांची आठवण मात्र तुम्हीच करून देत राहा, ही विनंती.

आपले कृतज्ञ,
निवृत्त वितरक मंडळी