निकाल आदल्या रात्रीच मेमरीत भरा

महोदय,

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजला की संकेतस्थळ अडकते आणि घरोघरी मुले पान पुन्हा पुन्हा उघडत बसतात. ‘लोड आला’ हे कारण पटत नाही, कारण दिवस आणि वेळ आधीच जाहीर झालेली असते. दोष हा की प्रत्येक क्लिक थेट डेटाबेसवर जाऊन धडकते. डेटाबेस एका वेळी काहीशे जोडण्या सांभाळतो, मागणारे मात्र लाखांत. दादरची सगळी गर्दी एकाच तिकीट खिडकीवर लोटावी, तसे हे.

हिशेब साधा आहे. दहावीचे विद्यार्थी साधारण १५ लाख. एका गुणपत्रिकेचा मजकूर १ केबी धरला, तर अख्खा निकाल दीड जीबीचा. रेडिस या प्रणालीसारख्या इन-मेमरी कॅशेत, म्हणजे माहिती झटपट देण्यासाठी रॅममध्येच ठेवणाऱ्या साठ्यात, नोंदी सांभाळायला लागणारी जादा जागा धरूनही तो ४ जीबीत मावेल. एवढी रॅम हल्ली मोबाइललाही असते!

निकाल आदल्या रात्रीच कॅशेत भरावा आणि ‘डीबीसाइझ’ ही नोंदी मोजणारी आज्ञा देऊन नोंदींची संख्या विद्यार्थ्यांच्या संख्येशी ताडून पाहावी. ‘मॅक्समेमरी’ म्हणजे रेडिसने जास्तीत जास्त किती मेमरी वापरावी ही मर्यादा ठरवून द्यावी. ती दिली नाही, तर ६४ बिट यंत्रावर मुळात मर्यादाच नसते. जागा संपली की बराच वेळ न वापरलेल्या नोंदी काढणारे ‘ऑलकीज-एलआरयू’ धोरण एरवी चांगले, पण इथे त्याने गुणपत्रिका गुपचूप गळतील. इथे ‘नोइव्हिक्शन’, म्हणजे कोणतीही नोंद न काढण्याचे धोरणच हवे.

नोंदी आपोआप पुसल्या जाण्याची मुदतही लावू नये. तासाभराची मुदत लावली, तर एकदम भरलेल्या नोंदी एकदमच संपतात आणि ऐन गर्दीत सारा भार पुन्हा डेटाबेसवर येतो. चुकीचा बैठक क्रमांक आला आणि नोंद कॅशेत नसेल, तर ‘क्रमांक सापडला नाही’ एवढेच सांगावे. डेटाबेसला विचारायला जाऊ नये. गुणपडताळणीत गुण बदलले, तर आधी डेटाबेस दुरुस्त करावा, मग तेवढी एकच नोंद नव्याने लिहावी.

सर्वांत टाळायची गोष्ट म्हणजे तयार पानच्या पान साठवण्याचा मोह. त्यात एकाचे गुण दुसऱ्याच्या पडद्यावर जाऊ शकतात. नोंद बैठक क्रमांकाने शोधावी, आईचे नाव जुळले तरच गुण दाखवावेत. रेडिसचे ६३७९ हे पोर्ट (जोडणीचे दार) बाहेरच्या जगाला बंद, फक्त वेब सर्व्हरना खुले असावे.

कंत्राट देतानाच ही तयारी आणि आदल्या आठवड्यातील भार-चाचणीचा अहवाल अटींमध्ये लिहून घ्यावा.

– एक संगणक अभियंता, मुलुंड (पूर्व), मुंबई