विनोदी सदरात रोजचं जगणंही येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांतली विनोदी सदरं हल्ली बहुतेक राजकारणावरच बेतलेली असतात. पुढाऱ्यांची खिल्ली जरूर उडवा, पण सामान्य माणसाच्या दिवसाकडेही कुणीतरी मिश्कील नजरेने पाहायला हवं.

मी फोर्टातल्या बँकेत होतो तेव्हा संध्याकाळी चर्चगेटला गाडीत बसलो की आधी बेहराम काँट्रॅक्टर, म्हणजे 'बिझीबी', यांचं 'राउंड अँड अबाउट' वाचायचो. 1985 मध्ये त्यांनी स्वतःचं इंग्रजी सांजदैनिक काढलं, तिथेही हे सदर सुरू राहिलं. 2001 मध्ये ते गेले. विषय काय, तर इराण्याची हॉटेलं, मुंबईचा पाऊस आणि बोल्शॉय नावाचा चक्क बोलणारा बॉक्सर कुत्रा! वाक्यं साधी, शब्दकोश लागायचा नाही. घामाघूम उभी माणसं शेजाऱ्याच्या खांद्यावरून वाचून हसत. त्या हसण्यात कुणाचा अपमान नसे, याचं मोल मला फार वाटतं.

मराठीत असं लिहू शकणारे नक्कीच आहेत. सोसायटीची सभा, लिफ्टमधला अबोला, भाजीवाल्याकडे वरची कोथिंबीर मागताना एकदम मऊ होणारा आवाज... नव्या लेखकांकडून हे लिहून घ्या. मात्र जागा ठरलेली हवी. आज पाचव्या पानावर, उद्या जाहिरातीमुळे गायब, असं झालं की वाचकाची सवय मोडते. रोज दोनशे शब्दांची जागा तरी द्यावी, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, बोरिवली