व्यसनमुक्ती समुपदेशक अभ्यासक्रमाबाबत तक्रार

मिरज, जि. सांगली

प्रति,
मा. व्यवस्थापक, प्रशिक्षण विभाग

विषय: कबूल केलेले प्रत्यक्ष प्रशिक्षण न मिळाल्याबाबत व चुकीच्या व्याख्यानाबाबत.

महोदय,

मी मिरजेतील एका व्यसनमुक्ती केंद्रात चार वर्षे कार्यकर्ती आहे. रीतसर समुपदेशक व्हावे म्हणून 28,000 रुपये भरून आपल्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली रुग्णांसोबत 60 तास काम करायला मिळेल, असे माहितीपत्रकात छापले होते. प्रत्यक्षात सांगलीच्या वर्गात दोन दुपारी आम्हीच आळीपाळीने रुग्ण आणि समुपदेशक झालो, आणि तेवढ्यावर 60 तास पूर्ण झाल्याची नोंद आपण केलीत.

त्याहून गंभीर बाब एका मुद्रित व्याख्यानाची आहे. रुग्ण तयार नसल्यास डायसल्फिराम या दारू सोडवण्यासाठीच्या औषधाची गोळी घरच्यांनी जेवणात मिसळून द्यावी, असे त्यात सांगितले आहे. ही गोळी पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो आणि प्रसंगी जिवावर बेतते; म्हणून ती रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मध्ये दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक विकारही येतात, याचा अभ्यासक्रमात उल्लेखसुद्धा नाही.

गेल्या महिन्यात मार्केट यार्डातील एका हमालाची पत्नी माझ्यासमोर बसली होती. पदराची गाठ सोडून तिने कोणीतरी दिलेल्या चार गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि विचारले, “ताई, आमटीत घातल्या तर चालतील का?” आमच्या डॉक्टरांकडून शिकले होते म्हणून मी तिला थांबवू शकले. माझ्यासोबत शिकलेल्या, थेट महाविद्यालयातून आलेल्या मुली तिला काय सांगतील, या विचाराने मला खरोखर धास्ती वाटते. अचानक दारू सुटल्यावर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रम होऊ शकतो आणि अशा रुग्णाला तातडीने रुग्णालयात हलवावे लागते, यालाही आपल्या पुस्तिकेत जेमतेम दोन ओळी मिळाल्या आहेत.

तरी ते व्याख्यान त्वरित काढून सर्व प्रशिक्षणार्थींना चूक लेखी कळवावी, आणि 60 तासांचे प्रशिक्षण मान्यताप्राप्त केंद्रात द्यावे किंवा शुल्क परत करावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. शुल्काची पावती व माहितीपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,
एक प्रशिक्षणार्थी