रविवारच्या गॅरेज क्लासची आठवण

सगळ्या पालकांना नमस्कार, रविवारी सकाळी साडेनऊला डिचोलीच्या गॅरेजवर पोरांचा गाडी दुरुस्तीचा क्लास आहे, विसरू नका. चवथीमुळे दोन रविवार गेले, आता परत सुट्टी नाही.

यावेळी ड्रम ब्रेक. आपल्याकडची तांबडी माती पावसात ड्रमच्या आत जाऊन बसते आणि मग ब्रेक कुंई-कुंई करतो, ते पोरांनी स्वतः उघडून बघायचं. एक गोष्ट आधीच सांगतो, ब्रेक शूची, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या तुकड्यांची, धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपनं उडवायची नाही, शूवरच्या जुन्या लायनिंगमध्ये (घासणाऱ्या थरात) फुफ्फुसांना घातक अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, ओल्या फडक्यानंच पुसायची. मास्क इथे मिळेल. बूट मात्र घालूनच पाठवा, गेल्या खेपेला एकजण चपला घालून आला आणि पाना अंगठ्यावर पडला, नशीब थोडक्यात निभावलं.

आणि कृपा करून "दहावीत दोनदा बसला" हे मुलाच्या समोर मला सांगू नका हो. असाच एक मुलगा परवा फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन स्पार्क प्लगचा गॅप ०.७ मिमी बरोब्बर लावत होता, दशांश त्याला तिथेच कळले. तरी दहावीचा राहिलेला विषय सोडवून घ्याच, आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा ट्रेड २ वर्षांचा आहे आणि त्याला दहावी पास लागतं.

येणार असेल तर शनिवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाका, पाने मोजकेच आहेत.