खोक्यावर बारा, गाडीत चौदा : कॅम्परसाठी घेतलेल्या एलईडी बल्बांबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : 'कॅम्पर व मोटरहोमसाठी खास' म्हणून विकलेले जी-४ पिनचे १२ व्होल्ट एलईडी बल्ब चालत्या गाडीत करपल्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीकडून मी सप्टेंबरमध्ये दहा एलईडी बल्ब मागवले. किंमत १,४९० रुपये. त्यांतला एक बल्ब दिवाळीच्या सुट्टीत आंबा घाटात, रात्री, माझ्या ८१ वर्षांच्या आईच्या डोक्यावर करपला. आईला दमा आहे. याआधी दोन वेळा मी आपल्या ग्राहक सेवेला फोन केला आणि एकदा ईमेल पाठवला. मिळालेले उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. मी सांगलीजवळच्या शाळेत २९ वर्षे विज्ञान शिकवले आहे. जे मोजून पाहिले तेवढेच लिहिते आहे.

आमची गाडी मूळची सतरा आसनी. २०१४ साली माझ्या यजमानांनी कोल्हापूरच्या एका गॅरेजमधून तिचा कॅम्पर करून घेतला, तो मुख्यतः आईसाठी. तिला लांबचा प्रवास बसून झेपत नाही आणि परक्या ठिकाणी झोप लागत नाही. मागे तिचा पलंग आहे, बाजूला छोटा ओटा आहे, छताला गोल बसके दहा दिवे आहेत. त्यांत १० वॅटचे हॅलोजन होते. सगळे लावले तर १०० वॅट, म्हणजे बॅटरीतून आठ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह. बॅटरी १०० अँपिअर-अवरची, म्हणजे एक अँपिअर प्रवाह शंभर तास पुरवेल एवढी. तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्मीच वापरायची, म्हणजे जेमतेम सहा तास. त्याच बॅटरीवर इन्व्हर्टर लावून आईचा नेब्युलायझर चालतो. दिव्यांनी बॅटरी खाल्ली आणि रात्री तिला वाफ घ्यायची वेळ आली तर काय, ही धास्ती मला प्रत्येक मुक्कामी असायची. २ वॅटचे एलईडी बसवले की हाच हिशोब तीस तासांवर जातो. एवढ्यासाठी बल्ब बदलले, शोभेसाठी नव्हे.

खरेदी करताना मी आपले वर्णन नीट वाचले होते. '१२ व्होल्ट', '२ वॅट', 'वॉर्म व्हाइट', 'कॅम्पर व मोटरहोमसाठी खास' असे त्यात लिहिले होते. बल्ब आल्यावर दहापैकी चार लागलेच नाहीत. पिना उलट्या करून घातल्यावर लागले. धन-ऋण बाजू पाहून घालायचे असतील तर तसे खोक्यात एका ओळीने तरी सांगायला हवे होते. दहाही बल्बांचा रंग सारखा नव्हता, तीन निळसर पांढरे होते. ते मी सोडून दिले.

गणपतीपुळ्याला तीन दिवस राहून आम्ही परत निघालो. साखरप्याला चहा घेतला, घाट सुरू झाला तेव्हा अंधार पडला होता आणि धुके उतरले होते. आई आडवी झाली होती. एकदम अंधार केला की ती घाबरते, म्हणून तिच्या डोक्यावरचा एकच दिवा चालू होता. दिवा मधूनमधून फडफडतो आहे असे ती म्हणाली. मला वाटले, खड्ड्यांमुळे पिन हलली असेल. पाच मिनिटांत प्लॅस्टिक जळल्याचा वास आला आणि आईला खोकल्याची उबळ आली. घाटात हवी तिथे गाडी थांबवता येत नाही. पुढचे रुंद वळण येईपर्यंतची ती मिनिटे मी विसरू शकत नाही. मी हातानेच बटण बंद केले, खिडकी उघडली, आईला टेकून बसवले. गाडी थांबल्यावर टॉर्चच्या उजेडात पाहिले तर बल्बवरची प्लॅस्टिकची टोपी एका बाजूने वितळून ओघळली होती आणि तिचा एक थेंब आईच्या गोधडीवर पडून घट्ट झाला होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, तपकिरी. चार बोटे अलीकडे पडला असता तर तो तिच्या गालावर पडला असता.

आपल्या ग्राहक सेवेने मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, "तुमच्या गाडीचे व्होल्टेज जास्त आहे, त्यामुळे वॉरंटी लागू होत नाही." दुसरी, "फ्यूज असेल तर धोका नसतो." दोन्हींचे उत्तर देते.

माझे दीर इचलकरंजीत वायरमन आहेत. घरी आल्यावर त्यांनी मल्टिमीटर लावला. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ दाखवत होती. इंजिन चालू केल्यावर १४.३. दुसऱ्या दिवशी दुपारी छतावरच्या सोलर पॅनेलवर चार्ज होताना १४.६. हे जास्त व्होल्टेज नव्हे, महोदय. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज व्हायची तर एवढे व्होल्टेज द्यावेच लागते. जगातली कुठलीही '१२ व्होल्ट'ची गाडी अशीच चालते. १२ हे त्या बॅटरीचे नाव आहे. पूर्ण भरलेली बॅटरी नुसती ठेवली तरी १२.७ च्या आसपास असते, आणि १२ वर आली म्हणजे निम्म्याहून अधिक उतरलेली असते. तेव्हा जो बल्ब फक्त १२ व्होल्टलाच सुरक्षित आहे, तो गाडीसाठी बनवलेलाच नाही. तो 'मोटरहोमसाठी खास' कसा?

मग आम्ही आपला एक न जळालेला बल्ब टेबलावर घेतला, त्याला कमी-जास्त व्होल्टेज देऊन पाहिले. १२ व्होल्टला तो ०.१६ अँपिअर घेत होता, म्हणजे सुमारे १.९ वॅट. खोक्यावरच्या आकड्याशी जुळते. १४.४ व्होल्टला ०.३० अँपिअर. म्हणजे ४.३ वॅट, दुपटीहून जास्त. टोपी काढून आत पाहिले तर प्रवाह आवरणारे दुसरे काहीच नाही. एलईडी तीन-तीनच्या ओळींत, आणि प्रत्येक ओळीला तांदळाच्या कणीएवढा एक रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला अडवणारा भाग. अशा तीन एलईडी मिळून साधारण ९.३ व्होल्ट घेतात. १२ व्होल्टला रेझिस्टरच्या वाट्याला २.७ येतात, १४.४ ला ५.१. प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो आणि रेझिस्टरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे तिपटीहून जास्त. दहावीच्या मुलांना आम्ही हेच शिकवतो. आईच्या दिव्यातला जळालेला बल्ब उघडला तेव्हा नेमकी तीच कणी काळी पडलेली होती आणि तिच्याखालची सर्किटची पट्टी करपून फुगली होती.

यावर आपण म्हणाल की हॅलोजन तर याहून कितीतरी तापतो. तापतोच. पण तो काच आणि टंगस्टनचा असतो, तापण्यासाठीच बनवलेला असतो. एलईडीची टोपी प्लॅस्टिकची, पट्टी डिंकाने चिकटवलेली, आणि उष्णता एका कणीत साठलेली. उजेड पुढे पडतो पण ऊब मागे राहते. बसक्या बंद दिव्यात तिला बाहेर पडायला वाट नसते.

आता फ्यूज. आमच्या दिव्यांच्या लाइनला १० अँपिअरचा फ्यूज आहे. करपलेला बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नव्हता. तो फ्यूज कशाने उडणार? फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, बल्बच्या आतली कणी त्याला कळत नाही. आपल्या माणसाने मला तो आधार दिला आणि मी बल्ब तसेच वापरत राहिले असते, तर पुढच्या वेळी काय झाले असते? असे उत्तर ग्राहकाला देण्याआधी कुणीतरी विचार करायला हवा होता.

दुसऱ्या फोननंतर आपण 'प्रीमियम' म्हणून दोन बल्ब बदली पाठवले, त्याबद्दल आभार. त्यांच्यावर १० ते ३० व्होल्ट डीसी (बॅटरीसारखा एकाच दिशेचा प्रवाह) असे छापले आहे आणि ते खरे आहे. १२ व्होल्टला ०.१७ अँपिअर, १४.४ ला ०.१४. व्होल्टेज वाढले तसा प्रवाह कमी झाला, वॅट दोनच राहिले, हाताला जेमतेम कोमट लागले. आत प्रवाह आवरणारे छोटे ड्रायव्हर सर्किट आहे. पिना कशाही घाला, लागतात. म्हणजे योग्य बल्ब कसा असतो हे आपल्या कंपनीला पुरते ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही पहिला प्रकार त्याच वर्णनाखाली विकला जात आहे. माझी खरी तक्रार ही आहे. दिव्यात दोष निघू शकतो. पण आपण तो गाडीवाल्यांना मुद्दाम हाक मारून विकलात.

त्या नव्या बल्बांतही एक उणीव राहिली आहे. ते लावले की आईच्या रेडिओवर आकाशवाणी सांगली ऐकू येत नाही, नुसती खरखर. दिवा बंद केला की आवाज स्वच्छ. ड्रायव्हर सर्किटला फिल्टर नसला की असे होते. आईची सकाळ रेडिओशिवाय सुरू होत नाही. कुणाला हे किरकोळ वाटेल, तिला वाटत नाही. निदान वर्णनात तसे लिहा.

आणखी एक धोका आपल्याच पानावर दिसला. जी-४ पिनचेच, अगदी तसेच दिसणारे बल्ब आपण १२ आणि २२० व्होल्ट अशा दोन्ही पर्यायांत देता, आणि निवड एका छोट्या चौकटीत करायची असते. १२ चा बल्ब चुकून कुणी घरच्या लाइनला लावला तर? दोन्हींची पाने वेगळी करा.

माझ्या मागण्या अशा. दहाही बल्बांचे १,४९० रुपये आणि बदललेल्या दिव्याचे ३५० रुपये परत मिळावेत. गोधडीचे मी काही मागत नाही, ती आईने स्वतः शिवलेली आहे. पहिल्या प्रकारच्या बल्बांवरून 'कॅम्पर व मोटरहोमसाठी खास' हे शब्द आजच काढावेत, आणि गाडीसाठीच्या प्रत्येक बल्बवर कमीत कमी व जास्तीत जास्त डीसी व्होल्टेज छापावे. ज्यांनी ज्यांनी हे बल्ब घेतले त्यांना कळवावे की चालत्या इंजिनवर किंवा सोलर चार्जिंग सुरू असताना ते लावू नयेत. त्यांचे पत्ते आपल्याकडे आहेत. पैशांपेक्षा मला याची घाई आहे, कारण कुणाच्या तरी गाडीत आज रात्रीही मूल किंवा म्हातारे माणूस त्या दिव्याखाली झोपले असेल. खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता नाही, मूळ देशही नाही. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार ते छापणे बंधनकारक आहे, तेही मला लेखी कळवावे.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माझ्या ईमेलला आज ४७ दिवस झाले. पोचसुद्धा आलेली नाही. या पत्रानंतर पंधरा दिवस वाट पाहून मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देईन. ग्राहक जिथे राहतो तिथेच अर्ज करता येतो आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही, हे मी विचारून घेतले आहे.

सोबत बिलाची प्रत, खोक्याचे चारही बाजूंचे फोटो, मोजमापांचा कागद आणि गोधडीवरच्या थेंबाचा फोटो जोडला आहे. जळालेला बल्ब मी पाठवत नाही. तो डब्यात जपून ठेवला आहे. आपल्या तंत्रज्ञाला तो पाहायचा असेल तर त्याने सांगलीला यावे. मल्टिमीटर आमच्याकडे आहे, गाडी दारात उभी आहे. इंजिन चालू करून त्याच्यासमोर पुन्हा मोजून दाखवू.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)
सांगली