आधी झाडू, मग कीर्तन

ठाणे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू तापलेला होतास, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला तुझा निर्माल्याचा मेसेज वाचला. चांगला लिहिलायस, लांब आहे थोडा. त्यावर जोडलेल्या हातांची रांग लागली आणि दीड दिवसाच्या विसर्जनाला निर्माल्य वेगळं करायला खाली कुणीच उतरलं नाही, याचं मला नवल वाटलं नाही. ‘स्वच्छता हीच खरी भक्ती’ एवढं वाचून कुणी पोतं हातात घेतल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

गाडगेबाबांचा दिवस कसा जायचा आठव. गावात शिरले की आधी झाडू, कीर्तन रात्री. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. रात्री समोर उभा राहून खोचक प्रश्न विचारणारा माणूस दिवसभर आपल्याच दारापुढची घाण काढत होता, हे लोकांनी पाहिलेलं असायचं. मग उलटून बोलायची सोय उरायची नाही. पंढरपूरला जायचे तेही वाळवंट झाडायला. गाडगेबाबा १९५६ साली गेले, पण दादरला त्यांच्या मिशनची धर्मशाळा आजही कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देते.

एवढं लांब कशाला, आपल्या घरातलंच बघ. श्रावणी सोमवारी कौपिनेश्वराला केवढी गर्दी असते, तुला माहीत आहे. अभिषेक झाला की दुधाच्या रिकाम्या पिशव्या लोक तिथेच टाकायचे. तुझे बाबा दर्शन घेऊन बाहेर आले की वाकून त्या गोळा करत. पिशवी झटकायची, उरलेलं दूध निथळू द्यायचं, चार बोटांत घडी घालून थैलीत. कुणाला एक शब्द बोलले नाहीत. (तुझ्या बाबांना तसंही बोलायचा कंटाळाच.) पुढे एका फुलवालीने आपणहून टोपलीशेजारी पोतं ठेवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर डाफरायला लागली, “ओ दादा, पिशवी इकडं!” तिचा आवाज पार मासुंदा तलावापर्यंत जात असेल.

तेव्हा गौरी-गणपतीच्या विसर्जनाला ग्रुपवर काही लिहू नकोस. गणपती निघायच्या आधी तासभर गेटपाशी सतरंजी टाकून बस आणि निर्माल्य वेगळं करायला घे. हारांचे दोरे कापायचे, त्यातली जर आणि प्लॅस्टिकची फुलं काढायची, कापराच्या पुड्या, उदबत्तीचे खोके बाजूला. दूर्वा, फुलं, पत्री तेवढी पालिकेच्या निर्माल्य कलशात, म्हणजे त्याचं खत करता येतं. मुलं आधी येतील, त्यांना कात्री हवी असते. त्यांच्यामागून त्यांच्या आया. फोटो मात्र काढू नकोस, फोटो आला की माणसं फोटोपुरतीच वाकतात.

आणि सेक्रेटरीकाकांवर चिडू नकोस. त्यांचा आवाज खणखणीत आहे, त्यांना आरती म्हणू दे. तीही सेवाच. सगळ्यांनी आपल्यासारखंच करावं हा हट्ट धरलास तर घणसोलीत तुझ्याशी बोलायला माणूस उरायचं नाही.

मी दुपारच्या ठाणे-वाशी लोकलने येते. हातमोजे रबरी आण, कापडी भिजून जड होतात. कात्री मी घेते, तुझ्या घरातली बोथट आहे.

तुझी,
आई