घाटात गाडी घालण्याआधी होजपाइप तपासा

सर्व सभासदांना नमस्कार,

पाऊस लागला की पसरणी घाट, कास, ठोसेघरच्या फेऱ्या सुरू होतात. त्याआधी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा आणि प्रत्येक होजपाइपवरून, म्हणजे पाण्याच्या आणि पेट्रोलच्या रबरी नळीवरून, बोट फिरवा, विशेषतः खालच्या अंगाने. घासलेली जागा वरून दिसत नाही, हाताला लागते: रबर चपटं, गुळगुळीत झालेलं असतं. आतले दोरे दिसले तर पाइप बदलायचाच. टेप गुंडाळून निघू नका, कृपा करा.

नुकतंच घासायला लागलं असेल तर जुन्या पाइपचा तुकडा उभा चिरून त्यावर चढवा आणि केबल टायने धरून ठेवा. पाइप दबेल इतका आवळू नका. मात्र घासतंय कशामुळे तेही शोधा. जुन्या जीपमध्ये बऱ्याचदा इंजिन माउंटिंगचं, म्हणजे इंजिन ज्यावर टेकलेलं असतं ते, रबर दबून गेलेलं असतं. मग क्लच सोडताना इंजिन कलतं आणि पाइप ब्रॅकेटला जाऊन टेकतो.

पेट्रोलच्या पाइपबाबत अजिबात हयगय नको. गरम मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर) पेट्रोल ठिबकलं तर गाडी पेटते. तिथे पाण्याचा पाइप लावू नका, पेट्रोलने तो फुगतो. इंधनाचाच मागून घ्या.

शंका वाटली तर फोटो ग्रुपवर टाका, निघायच्या आदल्या दिवसापर्यंत.